हुशार मुलांच्या योजना : चाळणी आणि चूल

आमच्या वस्तीत पावसाळा सुरू झाला की काही प्रश्न घरोघर फिरू लागतात. मुलगा पाचवीत गेला, आता त्याला नवोदयला बसवायचे का? मुलगी आठवीत गेली, तिचा 'एनएमएमएस'चा फॉर्म भरायचा का? शिष्यवृत्तीच्या परीक्षेला गाईड कोणते घ्यावे? जे बाप दिवसभर मिस्त्रीच्या हाताखाली राबतात, ज्या आया भल्या सकाळी निंदणाला आणि कापूस वेचायला जातात, ते हे प्रश्न विचारतात याचा आम्हाला फार आनंद वाटतो. एक पिढीपूर्वी असे प्रश्न आमच्या वस्तीत कोणी विचारत नव्हते.

परंतु या प्रश्नांच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. हुशार मुलांसाठी म्हणून ज्या योजना, ज्या परीक्षा, ज्या खास शाळा आहेत, त्या हुशार मुलाचे खरोखर भले करतात काय? की हुशार मुलांची नुसती यादी करतात? आज आम्ही या प्रश्नावर आमचे विचार मांडणार आहोत.

आम्ही शिक्षक नाही. एका कचेरीत कारकून आहोत. बी.कॉम. झालो, नोकरी लागली आणि संध्याकाळचा वेळ रिकामा जाऊ नये म्हणून अमरावती जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, वस्तीतल्या विहारात मुलांचा अभ्यासवर्ग सुरू केला. त्याला आता सतरा वर्षे झाली. वर्ग विनामूल्य आहे. पंचवीस-तीस मुले येतात. त्यातली काही या परीक्षांना बसतात. गणित आम्ही शिकवतो, भाषा एक सेवानिवृत्त गुरुजी शिकवतात. फॉर्म, दाखले, उतारे आणि बँकेचे कागद हे काम मात्र आपसूकच आमच्याकडे आले, कारण कारकुनाला कागदाची भीती वाटत नाही. म्हणून या योजना आम्ही वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत पाहिलेल्या नाहीत. त्या आम्ही टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिल्या आहेत.

प्रथम चांगले ते सांगितले पाहिजे. जवाहर नवोदय विद्यालय ही योजना १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून उभी राहिली. त्याआधी १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून देशात फक्त दोन शाळा निघाल्या. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आमच्या अमरावतीला. आज देशात अशा साडेसहाशेच्या आसपास शाळा आहेत. सहावी ते बारावीपर्यंत राहणे, जेवण, पुस्तके, गणवेश सरकारकडून. किमान पंच्याहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, एक तृतीयांश मुलींसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा. खेड्यातल्या गरिबाच्या हुशार मुलालाही चांगली प्रयोगशाळा, चांगले ग्रंथालय मिळावे हा या योजनेमागचा विचार आहे. हा विचार थोर आहे आणि त्याबद्दल कोणी नाके मुरडू नयेत.

आमच्या वर्गातला एक मुलगा असाच नवोदयला लागला. बाप हमाली करतो, आई शेतमजुरीला जाते. मुलगा गेला त्या महिन्यात त्याची आई आम्हाला म्हणाली, "भाऊ, पोरगं शिकाले गेलं हे चांगलंच झालं, पन ताट वाढतानी हात दोनदा पोळ्याच्या डब्यात जाते." मुलगाही पहिले सहा महिने रडला. दहा-अकरा वर्षांचे लेकरू घर सोडून राहते, हे काही लहान दुःख नव्हे. पण तो टिकला. नववीत असताना एक वर्षासाठी त्याला हिंदी भाषिक राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवले. या शाळांत नववीची काही मुले अशी एकमेकांच्या प्रदेशात पाठवली जातात. तिकडून आला तो हिंदीत भाषण करीत आला. आज तो अभियांत्रिकी शिकतो आहे. त्याचे भले झाले काय? झाले, निःसंशय झाले. आणि ते केवळ परीक्षा पास झाल्याने झालेले नाही. परीक्षेनंतर सात वर्षे त्याला कोणीतरी रोज खाऊ घातले, शिकवले, आजारी पडला तर दवाखान्यात नेले, म्हणून झाले.

आता त्याच घरातली दुसरी गोष्ट ऐका. या मुलाला एक धाकटा भाऊ आहे. तोही आमच्या वर्गात येत असे. हिशेबात तो थोरल्यापेक्षा तल्लख. बाजारातून वांगी आणायला पाठवले तर पावशेरचा भाव मनातल्या मनात काढून दुकानदाराला चूक दाखवणारा. तो परीक्षेला बसला आणि यादीत आला नाही. नवोदयच्या परीक्षेला मुलाला आयुष्यात एकदाच बसता येते. त्या दिवशी त्याचे डोके दुखत होते की तो घाबरला, हे कोणाला ठाऊक? पुढे एकदा अवघड गणित दिले तर त्याने पाटी बाजूला सारली आणि म्हणाला, "मी थोडाच हुशार हाव? हुशार तं दादा हाये." एकाच आईची दोन लेकरे. दोन तासांच्या एका पेपराने एकाच्या कपाळावर हुशार असा शिक्का मारला आणि दुसऱ्याने आपल्याच हाताने आपल्या कपाळावर ढ असे लिहून घेतले. निवड झालेल्या मुलाचे काय होते हे सगळे सांगतात. निवड न झालेल्या मुलाच्या मनाचे काय होते, याचा रकाना कोणत्याही सरकारी तक्त्यात नसतो.

ही निवड कशी होते तेही समजून घेतले पाहिजे. नवोदयचा पेपर ऐंशी प्रश्नांचा, शंभर गुणांचा. त्यात निम्मे गुण आकृत्यांच्या बुद्धिमापनाला, पाव गणिताला आणि पाव भाषेला. अलीकडच्या वर्षांत देशभरातून वीस लाखांहून अधिक मुले अर्ज करतात आणि जागा साधारण पन्नास हजार. जिथे एवढी गर्दी, तिथे दुकान लागतेच. नवोदयचे खासगी क्लास निघाले, निवासी शिबिरे निघाली, गाईडांचे ढीग लागले. बुद्धिमापनाच्या आकृत्या म्हणजे जन्मजात बुद्धीची परीक्षा, असे पूर्वी समजत. आज ज्याच्या बापाकडे पैसे आहेत त्याचा मुलगा वर्षभरात अशा दोन-तीन हजार आकृत्या सोडवून परीक्षेला बसतो. आमचा मुलगा ती आकृती पहिल्यांदा परीक्षेच्या हॉलमध्येच पाहतो. मग पेपर काय मोजतो? बुद्धी, की सराव?

शिवाय परीक्षेच्या आधीच एक परीक्षा असते, ती कागदांची. ग्रामीण राखीव जागेसाठी मुलाने तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेली असावी लागतात. मधे एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेच्या पटावर नाव लागले, तरी ते मूल शहरी धरले जाते. आता आमच्या लोकांचे जगणे कसे असते? काम मिळेल तिकडे जायचे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर, नाहीतर शहरात बांधकामावर. लेकरू सोबत जाते, तिथल्या शाळेत चार महिने नाव घालतात, आणि पुढे कळते की ज्या खेड्यातल्या गरिबासाठी ही जागा ठेवली होती, त्याच खेड्यातला हा गरीब आता 'शहरी' झाला.

जातीच्या दाखल्याचेही तसेच. आपण बौद्ध झालो ते १९५६ साली. पण केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना मिळाल्या त्या १९९० च्या कायद्याने. आजही केंद्राच्या योजनेसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि घरात असतो राज्याच्या नमुन्यातला. शेवटच्या आठवड्यात हे लक्षात येते, तहसीलच्या चकरा सुरू होतात आणि बापाची तीन दिवसांची मजुरी बुडते. ज्यांच्या घरात कागद जाणणारा माणूस नाही, ती मुले पेपर लिहिण्याच्या आधीच नापास होतात. त्यांचे नाव नापासांच्या यादीतसुद्धा येत नाही.

आणि ज्या हुशारीला पेपरात जागाच नाही, तिचे काय? आमच्या वर्गात एक मुलगा होता. वाचायला कंटाळा करी, लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची दैना. एकदा विहारातला पंखा बंद पडला. त्याने स्टुलावर चढून तो उतरवला, उघडला, कंडेन्सर गेला आहे असे सांगितले, दुकानातून आणला आणि तासाभरात पंखा चालू केला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. कोणी शिकवले म्हणून विचारले तर म्हणे, पाहून पाहून. असा मुलगा कोणत्या शिष्यवृत्तीच्या यादीत येणार? दहावीला तो जेमतेम पास झाला. आज मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला आहे आणि तालुक्यातले शेतकरी आपला पंप त्याच्याच हातून दुरुस्त व्हावा म्हणून थांबून राहतात. कष्टाची भाकर खातो, त्यात कमीपणा नाही. पण त्याच्या हाताला आणि डोक्याला पुढचे शिक्षण मिळाले असते, तर तो कुठे गेला असता, हा विचार आमची पाठ सोडत नाही.

ही काही आपल्याच देशाची कथा नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातले लुईस टर्मन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्यातील अतिबुद्धिमान मुले शोधून त्यांचा आयुष्यभर अभ्यास करण्याचे काम हाती घेतले. शिक्षकांना हुशार मुलांची नावे विचारली, मग बुद्धिमापन चाचणी घेतली आणि सुमारे दीड हजार मुले निवडली. त्या चाळणीतून दोन मुले खाली पडली, कारण चाचणीत त्यांचे गुण कमी भरले. एकाचे नाव विल्यम शॉक्ली आणि दुसऱ्याचे लुईस अल्वारेझ. शॉक्लीला ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल १९५६ चे नोबेल पारितोषिक दोन सहकाऱ्यांबरोबर विभागून मिळाले, आणि अल्वारेझला १९६८ चे मिळाले, दोघांनाही भौतिकशास्त्रात. आपल्या घरी ज्या छोट्या रेडिओला आपण ट्रान्झिस्टर म्हणत आलो, त्याचे नाव या शोधावरून पडले. निवडलेल्या दीड हजारांपैकी मात्र एकालाही नोबेल मिळाले नाही.

यातली दुसरी गंमत अशी की हाच शॉक्ली म्हातारपणी बुद्धिमापनाचे आकडे पुढे करून, काळ्या लोकांची बुद्धी जन्मतःच कमी असते, असा प्रचार करीत फिरला. ज्या मापाने त्यालाच कमी ठरवले होते, त्याच मापाने तो दुसऱ्यांना कमी ठरवू लागला. बुद्धी जन्मावर ठरते, हे सांगणारे लोक आपल्याला नवे नाहीत. आपल्या आज्या-पणज्यांनी ते पिढ्यान्पिढ्या ऐकले. म्हणून 'जन्मजात हुशार' हा शब्द कोणी उच्चारला की आपण कान टवकारले पाहिजेत.

मग निवड करूच नये काय? असे आमचे म्हणणे नाही. निवडीनंतर काय होते, हे पाहा, असे आमचे म्हणणे आहे.

'एनएमएमएस' म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. ही २००८ मध्ये सुरू झाली. आमचा वर्ग आणि ही योजना जवळपास बरोबरीच्या. आठवीत परीक्षा, आणि पास झाल्यास नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये. पूर्वी सहा हजार होते, २०१७ पासून बारा हजार झाले. गरीब घरातले मूल आठवीनंतर शाळेतून गळू नये हा हेतू. देशात दर वर्षी एक लाख मुलांना ही शिष्यवृत्ती देण्याची तरतूद आहे.

आमच्या वर्गातली एक मुलगी या परीक्षेत निवडली गेली. विहारात सत्कार झाला, पेन आणि प्रमाणपत्र दिले, फोटो काढला. नववीत पैसे आले ते वर्ष सरता सरता. तोवर आईने उसनवारीवर वह्या-पुस्तके घेतली होती. दहावीत गेल्यावर शिष्यवृत्तीचे दर वर्षी नूतनीकरण करावे लागते, संगणकावर अर्ज भरावा लागतो आणि शाळेने तो तपासून पुढे पाठवावा लागतो. तिच्या शाळेत हे काम पाहणारे शिक्षक बदलून गेले आणि तिचा अर्ज तसाच राहिला. मुदत गेली. मुलीला वाटले, आपले गुण कमी पडले असतील म्हणून पैसे बंद झाले. तिने घरी सांगितलेसुद्धा नाही. आम्हाला कळले तेव्हा खिडकी बंद झाली होती. पोरीने दहावीत उत्तम गुण मिळवले, पण घरात बोलणे सुरू झाले की आता पुरे, मावशीसोबत कामाला जाऊ दे. तिच्या आजीने हट्ट धरला म्हणून ती अकरावीत गेली. शिष्यवृत्तीने तिला थांबवून धरले नाही. आजीने धरले.

पुढे आणखी एक खाच आहे. ही शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. अकरावीला विज्ञानासाठी जवळ कॉलेज असते ते बहुतेक विनाअनुदानित. तिथे प्रवेश घेतला की शिष्यवृत्ती गेली. म्हणजे हुशार म्हणून निवडले, आणि हुशार मूल ज्या वाटेने जाऊ पाहते, त्याच वाटेवर हात सोडला.

दुसरे उदाहरण राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेचे. १९६३ पासून चालत आलेली ही देशातली सर्वांत नावाजलेली परीक्षा. दहावीच्या मुलांमधून निवड होई आणि अकरावीपासून पुढच्या उच्च शिक्षणापर्यंत शिष्यवृत्ती मिळे. २०२१ मध्ये योजनेची मुदत संपली आणि परीक्षा स्थगित झाली. त्यानंतर दहावीत आलेल्या मुलांनी काय गुन्हा केला होता? मुलाचे वय कोणासाठी थांबत नाही. योजना थांबू शकते, पुन्हा सुरू होऊ शकते. दहावीत असलेली मुलगी पुन्हा दहावीत येत नाही.

मग योजना कशी असावी? याचेही एक उदाहरण अमेरिकेतलेच आहे. फ्लॉरिडा राज्यातल्या ब्रॉवर्ड नावाच्या जिल्ह्यात हुशार मुलांसाठी वेगळे वर्ग चालतात. पूर्वी आईबाप किंवा शिक्षक ज्यांची नावे सुचवतील त्यांचीच तपासणी होई. साहजिकच शिकलेल्या, गोऱ्या, खात्यापित्या घरांतली नावे पुढे येत. २००५ मध्ये जिल्ह्याने ठरवले की दुसरीतल्या प्रत्येक मुलाची तपासणी करायची, कोणी नाव सुचवो वा न सुचवो. लगेच गरीब, काळ्या आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या घरांतली पुष्कळ मुले नव्याने सापडली. ती आधीही तिथेच होती. त्यांच्याकडे कोणी पाहिले नव्हते इतकेच. पुढे मंदी आली, पैशाची ओढ लागली, सरसकट तपासणी बंद पडली, आणि तो फायदाही ओसरला.

डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास करून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात आणखी एक गोष्ट आढळली. त्या वेगळ्या वर्गात बुद्धिमापनात अव्वल आलेली मुले तर असतच. पण जागा उरल्या की वर्षाच्या अभ्यासात चांगले गुण मिळवणारी इतर मुलेही घेत. फायदा कोणाचा जास्त झाला? बुद्धिमापनाचा शिक्का असलेल्यांचा विशेष झाला नाही. उरलेल्या जागांवर आलेल्या मुलांचा झाला, आणि त्यातही काळ्या आणि लॅटिन अमेरिकी मुलांचा सर्वांत जास्त. जी मुले एरवी कोणाच्या नजरेतही आली नसती, त्यांच्याकडून कोणीतरी जास्त अपेक्षा केली, त्यांना जास्त शिकवले आणि ती वर आली.

आमची आई म्हणत असे, चाळणीने पीठ चाळता येते, भाकर भाजता येत नाही. भाकरीला चूल लागते, आणि चुलीपाशी कोणीतरी बसावे लागते. आपल्याकडच्या बहुतेक योजना चाळणीवर खर्च करतात आणि चुलीपाशी कोणी बसत नाही. नवोदयमध्ये निदान चूल आहे, म्हणून तिथे गेलेल्या मुलाचे भले होते. जिथे नुसती चाळणी आहे, तिथे यादी लागते आणि यादीतली पोर आजीच्या हट्टावर शिकते.

या बाबतीत आपल्यासमोर बाबासाहेबांचेच उदाहरण आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. चरित्रकारांनी नोंदवले आहे की त्यांना साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी गुण मिळाले. त्या काळी मॅट्रिक पास होणे हीच मोठी गोष्ट होती, त्यामुळे आजच्या गुणांशी त्याची तुलना करता येत नाही. परंतु ज्या शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असताना त्यांना नाइलाजाने फारसी घ्यावी लागली, त्या शाळेच्या गुणपत्रिकेवरून कोणाला कळले असते की हा पुढे देशाची राज्यघटना लिहिणार आहे?

ते कळले कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींना. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा मुलगा त्यांनी पाहिला, चौकशी केली, पुस्तके दिली. मॅट्रिक झाल्यावर सत्काराची सभा झाली तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. आणि सत्कारावर ते थांबले नाहीत. मुलाच्या पुढच्या शिक्षणाला पैसे नाहीत असे दिसल्यावर त्यांनी सयाजीराव महाराज गायकवाडांकडे शब्द टाकला आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. १९१२ मध्ये बाबासाहेब बी.ए. झाले, १९१३ मध्ये महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पैसा महाराजांचा होता, बुद्धी आणि कष्ट बाबासाहेबांचे होते. पण या दोहोंच्या मधे एक माणूस उभा होता, ज्याने आधी मुलाला पाहिले आणि पाहिल्यावर त्याला सोडले नाही. आणि पुढे बाबासाहेबांनी स्वतः १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. मुलाला योजनेप्रमाणे वाकवण्याऐवजी मुलाच्या जगण्याप्रमाणे त्यांनी कॉलेजची वेळ वाकवली.

कोणी म्हणेल, मग आता मुलांना परीक्षांना बसवू नये काय? अवश्य बसवावे. नवोदयला बसवा, शिष्यवृत्तीला बसवा, 'एनएमएमएस'ला बसवा. जे हक्काचे आहे ते सोडायचे नाही. शाळेतल्या शिक्षकांना विचारा की वर्गातल्या सगळ्याच मुलांचे फॉर्म का भरले नाहीत, दोन-चार ठरावीक नावेच का? मुलाला मात्र आधीच सांगून ठेवा की ही एका दिवसाची परीक्षा आहे, तुझ्या डोक्याचा निकाल नाही. आणि ज्याची निवड झाली नाही, त्याला त्या संध्याकाळी जवळ घेऊन बसा. निवड झालेल्याला पेढे भरवायला सारी वस्ती येते.

विहारांच्या कार्यकर्त्यांना आमची एक सूचना आहे. दर वर्षी गुणगौरव समारंभ होतो, तो व्हावाच. पण व्यासपीठावरून नव्या मुलांची नावे वाचण्याआधी मागच्या तीन वर्षांतल्या मुलांची नावे वाचा आणि आज ती काय करतात ते सांगा. जे मूल मध्येच गळले असेल, त्याचेही सांगा आणि का गळले तेही सांगा. शाल-श्रीफळाचा खर्च थोडा कमी करून त्या पैशात दाखल्यांच्या प्रती, बसभाडे आणि परीक्षेच्या फिया भागतात, हे आम्ही हिशेब करून सांगतो.

आमच्या वर्गात आम्ही एक लांब वही ठेवली आहे. कारकुनाला दुसरे काय सुचणार! त्यात प्रत्येक मुलाचे नाव जन्मदाखल्यावर जसे आहे तसे लिहितो आणि आधारवर वेगळे असेल तर लाल शाईने खूण करतो. जातीचा दाखला राज्याच्या नमुन्याचा की केंद्राच्या, उत्पन्नाचा दाखला कधी संपतो, बँकेचे खाते आधारला जोडले की नाही, नूतनीकरणाची तारीख कोणती, असे रकाने आहेत. एक रकाना आहे तो पेपरात न मावणाऱ्या गुणांचा. हा हाताने चांगला, ही चित्र चांगले काढते, हा चार भांडणाऱ्यांना समजावतो. आणि सर्वांत शेवटचा रकाना आहे तो 'जबाबदार कोण' याचा. त्यात वस्तीतल्या एका मोठ्या माणसाचे नाव लिहितो. तो बारावीपर्यंत महिन्यातून एकदा त्या मुलाच्या घरी जाऊन बसतो, चहा घेतो आणि विचारतो, काय चालले आहे? त्यातले कोणी रिक्षा चालवतात, कोणी शिपाई आहेत, एक आशाताई आहेत. यासाठी पदवी लागत नाही.

पंखा दुरुस्त करणाऱ्या मुलाचे नाव त्या वहीत आजही आहे. तो आता दुसऱ्या एका मुलासमोरच्या शेवटच्या रकान्यात आहे. नवोदयच्या मुलाचा धाकटा भाऊ यंदा बारावीत आहे आणि हिशेबाची त्याची जुनी गोडी परत आली आहे, कारण आठवड्यातून एकदा कोणीतरी त्याच्यापुढे गणित ठेवते आणि तो सोडवीपर्यंत उठत नाही. ती मुलगी नर्सिंगला आहे.

सरकारकडे चूल मागत राहिले पाहिजे, त्यासाठी अर्ज, निवेदने, मोर्चे चालू राहतीलच. पण तोवर आपल्या वस्तीतल्या मुलांची वही आपणच घालावी. सोमवारीच एक वही विकत आणा, आणि कोणत्याही मुलासमोरचा शेवटचा रकाना रिकामा राहू देऊ नका.